मागच्या भिंतीवरची बादली

शेवंता, आज सकाळी भात उकळला, झाकण धरून पातेलं तिरकं केलं, पेज बादलीत निथळली आणि रोजच्यासारखी ती बादली घेऊन मागच्या अंगणात गेले. आपल्या दोघींच्या मधल्या भिंतीवर ठेवली. पलीकडून तुझा हात यायचा बादली धरायला, तो आला नाही. मला माहीत होतं येणार नाही. तरी मी बादलीच्या कडीला धरून उभीच राहिले. पेज हातावर सांडली, भाजलं, तेव्हा कुठे भानावर आले.

परवा तुझं तेरावं झालं. कावीळ आठ दिवसांत माणूस नेते हे मी ऐकून होते, पण तुझ्यासारख्या विटा वाहू शकणाऱ्या बाईला नेईल असं वाटलं नव्हतं. तुझे डोमाजी आता कामावर जायला लागले आहेत. भोंगा झाला की सायकल काढतात, डबा विसरतात, परत येतात, आणि डबा भरून ठेवणारं कुणी नाही हे आठवून तसेच जातात. कालपासून त्यांचा डबा मीच देते आहे. तू म्हणशील, मोठी आली दानशूर. म्हण बापडी.

हे लिहायला बसले आहे ते तुला चांगलं म्हणायला नाही. ते सगळी कॉलनी करते आहे. ज्या बायकांनी तुला नाकं मुरडली त्या आता पदराने डोळे पुसतात आणि म्हणतात, देवमाणूस होती हो. मला तो शब्द ऐकला की राग येतो. तू काही देवमाणूस नव्हतीस. तू हट्टी होतीस, भांडखोर होतीस, आणि दुसऱ्याच्या घरात न विचारता शिरायचीस. मला तुझ्याशी एक गोष्ट बोलायची राहिली आहे. दोन वर्षं ती माझ्या घशात आहे. पण ती सरळ सांगायचा मला धीर होत नाही, म्हणून आधी इकडचं तिकडचं लिहिते. तुला माहीतच आहे माझी सवय.

आठवतं का, आपण इथे पोलादाच्या प्लांटाच्या कॉलनीत राहायला आलो ते दिवस? क्वार्टरच्या भिंतींना अजून ओल होती. बाहेर सगळा लाल मुरूम, कुठे झाड नाही, आणि दिवसभर ट्रकांची ये-जा. मी रेल्वेवाल्याची मुलगी, नागपूरकडची, सातवी शिकलेली. माझ्या डोक्यात हवा होतीच. तू भंडाऱ्याकडच्या शेतातून उठून आलेली, दार सताड उघडं, आणि पहिल्याच दिवशी भिंतीवरून मान काढून विचारलंस, "का वं, मीठ आहे का?" नाव नाही, गाव नाही, सरळ मीठ. मी वाटीत मीठ दिलं तर तू ते माझ्यासमोरच पेजेने भरलेल्या गंजात टाकलंस आणि उभ्याउभ्या पिऊन मोकळी झालीस.

मी तेव्हा माझी पेज मोरीत ओतत नव्हते, इतकी काही मी उधळी नव्हते. मी तिची खळ करायची. पाणी घालून सारखी करायची, गाळायची, थेंबभर नीळ टाकायची आणि सुती साड्या त्यात बुचकळायची. दोरीवर वाळल्या की त्या पापडासारख्या कडक व्हायच्या. आमच्या आईने मला दिलेली ती एकच विद्या. गार्डाची बायको असो नाहीतर पॉइंट्समनची, साडीला खळ असली की बाई नीट दिसते, असं ती म्हणायची. तू ते पाहिलंस आणि हसत सुटलीस.

"अवो, साडीले जेवू घालून राह्यली का तू?"

मला इतका राग आला होता की दोन दिवस मी भिंतीकडे फिरकले नाही. तिसऱ्या दिवशी तूच हरभऱ्याची कोवळी भाजी घेऊन आलीस. असा आपला परिचय.

फुलबासनला आपण तेव्हाच पाहिलं. समोरच्या ओळीचं बांधकाम चालू होतं आणि ती रेजांच्या टोळीत होती, डोक्यावर विटा वाहणारी. उंच, काळीभोर, कपाळावर गोंदलेलं, आणि एका वेळी इतक्या विटा उचलायची की मिस्त्रीही तिला ओरडायचा नाही. दुपारी ती आपल्या भिंतीच्या सावलीला बसून बासी खायची, रात्रीचा पाण्यात घातलेला भात. तू तिच्यासमोर फतकल मारून बसायचीस. तिची छत्तीसगढी आणि तुझी भंडाऱ्याकडची मराठी, तुमचं कसं काय जमायचं ते तुम्हालाच ठाऊक. एकदा तिने माझ्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर थाप मारून सांगितलं होतं, "ए घर के ईंटा ला मैं बोहे हंव." या घराच्या विटा मी वाहिल्या आहेत. मी म्हटलं, बरं. दुसरं काय म्हणणार होते? तू मात्र त्या दिवसापासून तिला 'आमची घरवाली' म्हणायला लागलीस. तिचं गाव प्लांटाच्या जागेत गेलेलं, म्हणून ती आणि तिचा नवरा विटांवर आले होते, हेही तूच मला सांगितलंस. मी कधी विचारलं नव्हतं.

मग काम संपत आलं. भट्ट्या उभ्या राहिल्या, क्वार्टरं भरली, मैदानात झाडं लावली गेली, आणि ज्यांनी हे सगळं वाहिलं त्यांची गरज संपली. ठेकेदार एकेक टोळी कमी करायला लागले. त्यात त्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला. ज्यांचं गाव शिल्लक होतं तेही गावी जाऊन काय खाणार? आपल्या ओळीच्या मागे, नाल्यापलीकडे, त्यांच्या चटईच्या झोपड्या होत्या. तिथून आधी दुपारी धूर निघायचा बंद झाला, मग संध्याकाळीही.

आणि आपण काय करत होतो शेवंता? मी हे तुझ्याशी भांडताना कधी कबूल केलं नाही, आता करते. आपण काहीच करत नव्हतो. रेशनवर साखर कमी मिळाली म्हणून बोलत होतो. परदेशी गव्हाच्या पोळ्या चिवट होतात म्हणून बोलत होतो. बाजारात प्लांट उभारायला आलेल्या रशियन साहेबांच्या बायका हाताने खुणा करून कसा भाव करतात याच्या नकला करत होतो. नाल्याकडच्या खिडक्या आम्ही बंद ठेवायला लागलो. कुणी ठरवून केलं नाही. धूळ येते म्हणून एकीने लावली, माश्या येतात म्हणून दुसरीने. मीही लावली. आपल्या ओळीत वाईट कुणीच नव्हतं. प्रत्येकीला वाटायचं, एवढा मोठा प्लांट आहे, एवढं सरकार आहे, कुणीतरी बघेलच.

तू एके दिवशी माझ्या घरात आलीस आणि माझी खिडकी उघडलीस. न विचारता.

"पाय तिकडं," म्हणालीस.

"काय पाहू? मला दिसतं सगळं."

"दिसते तं कावून लावली मंग?"

"आपण दोघी काय करणार आहोत शेवंता? आपल्यालाच रेशन पुरत नाही."

"मी तुले भात कोठी मांगून राह्यली? पेज मांगून राह्यली. तुये साडीवाली पेज."

तुझं म्हणणं साधं होतं. ओळीत बारा घरं. बाराही घरी एकदा तरी भात शिजतो, बाराही घरी वरचं पाणी निथळून काढतात. ते कुणी गायीला देतं, कुणी मोरीत ओततं, कुणी माझ्यासारखं साडीला पाजतं. त्या लोकांना ती पेज नवी नाही, ते तिला पसिया म्हणतात आणि चवीने पितात. सगळ्या घरांची पेज एका बादलीत जमा झाली, वर चार शितं राहू दिली, तर नाल्यापलीकडच्या सात-आठ चुली दुपार काढतील. यात कुणाच्या पोटाला चिमटा बसत नाही. मला ते पटलं. तुझ्यासमोर पटलं असं म्हटलं नाही, पण पटलं.

तू बारा घरी फिरलीस. मी तुझ्यासोबत तीन घरांपर्यंत आले आणि मग पोळ्या करायच्या आहेत म्हणून परत फिरले. पहिल्या आठवड्यात दहा घरांची पेज आली. दुसऱ्या आठवड्यात सहा. कुणी म्हणालं, त्या बायका मागच्या दाराशी येतात, भांडी नाहीशी होतील. कुणी म्हणालं, त्यांना सवय लागेल. कोपऱ्यावरच्या बाईने तर तुला समजावलं, की आपण असं देत राहिलो तर वरच्या लोकांना वाटेल यांचं भागतंय, आणि मग खरी मदत यायचीच नाही. केवढी विचार करणारी बाई. तू तिला म्हणालीस, "हाव, तुमी खरी मदत आनाले जा, मी तवरक बादली घेऊन जातो." त्या दिवसापासून तिची पेज बंद.

अर्जाचंही तसंच झालं. तू मला बसवून अर्ज लिहून घेतलास, की झोपड्यांमधल्या लोकांना काही दिवस तरी रेशनचं धान्य मिळावं. मी सुंदर हिंदीत लिहिला. माझं अक्षर चांगलं आहे, सगळ्यांनी वाखाणलं. सही मात्र कुणी करेना. आधी तुम्ही करा, मग आम्ही. तू तुझा अंगठा उमटवलास आणि कागद माझ्याकडे सरकवलास. आमच्या यांचं नाव तेव्हा बढतीच्या यादीत होतं. मी म्हटलं, मी लिहिलाय ना, मग सही कशाला? तू माझ्याकडे नुसतं पाहिलंस. राग नव्हता त्या पाहण्यात, आणि तेच मला लागलं. एका अंगठ्याचा अर्ज घेऊन तू एकटी ऑफिसात गेलीस, तिथे बाबूने विचारलं की बाकीच्या कुठे आहेत, आणि तू म्हणालीस, "स्वयंपाक करून राह्यल्या." घरी येऊन हे तू हसत सांगितलंस. मला हसू आलं नाही.

शेवटी बादलीत दोनच घरांची पेज उरली, तुझी आणि माझी.

आता ते सांगते.

संक्रांतीनंतरचा हळदीकुंकवाचा कार्यक्रम होता. महिला मंडळाच्या हॉलमध्ये मोठ्या साहेबांच्या बायका येणार होत्या, आणि मला आभाराचे चार शब्द बोलायचे होते. तुझ्या नणंदेची दुर्गला प्रसूती होती, म्हणून तू तीन दिवस तिकडे गेलीस. जाताना भिंतीवरून सांगितलंस, "तीन दिवस बादली तुयाकडं. फुलबासन येईन घ्याले. ते वाटून देते बराबर. चुकू नोको वं सुमन." मी म्हटलं, एवढं काय, देईन. दोन दिवस दिलीही. फुलबासन यायची, बादली उचलायची, रिकामी घासून परत ठेवायची. तिसऱ्या दिवशी हळदीकुंकू होतं.

मी सकाळी माझी नागपुरी काठाची पांढरी साडी काढली. नेसून नेसून ती अगदी मऊ पडली होती. तशी नेसून त्या बायकांपुढे उभं राहणं मला नको वाटलं. मी पेज निथळली, आणि बादलीत न ओतता घमेल्यात ओतली. एका दिवसाने काय होतं, असं मनात म्हटल्याचं मला नीट आठवतं. मोरीत बसून मी साडी बुचकळत होते तेव्हा मागचं दार वाजलं.

"बाई, पसिया."

मी उठले नाही. कोपरापर्यंत हात खळीत होते. आतूनच म्हटलं, "आज नाही."

ती जरा थांबली. मग म्हणाली, "बाई, एक ठन बात कहना रिहिस."

एक गोष्ट सांगायची होती म्हणे. मला वाटलं, अजून काहीतरी मागणार. तांदूळ मागेल, नाहीतर जुनं लुगडं. मी म्हटलं, "आज नाही म्हटलं ना. उद्या ये, शेवंताबाई येतील."

"बने हे," ती म्हणाली. बरं, ठीक आहे. तिची पावलं मुरमावरून वाजत गेली आणि मी साडी पिळून वाळत घातली.

साडी छान कडक झाली. आभाराचं भाषणही छान झालं. त्यात मी म्हटलं होतं, की आपण सगळ्याजणी एका कुटुंबासारख्या राहतो.

तू संध्याकाळी आलीस तेव्हा नाल्यापलीकडे झोपड्या नव्हत्या. दुपारीच त्या उठवल्या होत्या. कुणी ट्रकवर बसून गेलं होतं, कुणी पायी. कुणी पाहिलं नाही, कारण आपल्या ओळीतल्या सगळ्या बायका हॉलमध्ये होत्या. तू रिकाम्या जागेवर बराच वेळ फिरलीस. चुलीचे तीन दगड तेवढे राहिले होते. मग भिंतीशी आलीस आणि मला विचारलंस, "फुलबासन आली होती का तुयाकडं?"

दोरीवरून काढलेली साडी तेव्हा माझ्या अंगावरच होती, शेवंता. मी म्हटलं, "नाही."

मला दुसरं काहीतरी म्हणायचं होतं. तोंडातून तेच आलं.

तू म्हणालीस, "मले न सांगता नाई जायची ते. मी नवती न इथं, म्हनून रागावली असन. मी जायाले नोको होतं." आणि तू रडलीस. तू, जिला मी कधी रडताना पाहिलं नव्हतं. मी तेव्हाच सांगायला हवं होतं. आता ती दोन मिनिटं परत मिळवायला सगळं आयुष्य देते म्हटलं तरी ते दुरुस्त होणार नाही. तू तुझ्या नणंदेचं बाळंतपण करायला गेलीस आणि त्याचा दोष स्वतःवर घेतलास, आणि मी तो तुला घेऊ दिला.

नंतर तू तिला शोधत फिरलीस. जामुलला सिमेंटच्या कारखान्याकडे गेलीस, दुर्ग स्टेशनच्या मालधक्क्यावर विचारून आलीस. परत आल्यावर पाय धुता धुता पुन्हा विचारलंस, "पक्कं नवती आली न वं?" मी म्हटलं, "आली असती तर सांगितलं नसतं का?" एका खोट्याला टेकू म्हणून मी दुसरं खोटं लावलं.

त्यानंतर मी साडीला खळ घालणं सोडलं. यांनी विचारलं, साड्या अशा लोळतात का आजकाल, मी म्हटलं, हात दुखतात. बादलीत मात्र एक दिवस खंड पाडला नाही. झोपड्या गेल्या तरी कुणी ना कुणी यायचंच, रुळांच्या कडेने राहणारी म्हातारी, भंगार वेचणाऱ्या दोघी. तू एकदा म्हणालीस, "तू तं मायापेक्षाई पक्की झाली वं." मी त्या दिवशी जेवले नाही.

तिसऱ्यांदा तू विचारलंस ते पाच-सहा महिन्यांनी. आपण तुझ्या अंगणात वाल सोलत बसलो होतो. विषय दुसराच होता. तू मान वर न करता म्हणालीस, "सुमन, त्या दिवशी फुलबासन आली होती का तुयाकडं?" आवाज अगदी साधा होता. रडणं नाही, उलटतपासणी नाही. माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. मला अजून आठवतं, तू सोलायची थांबलीस. वाट पाहिलीस. कोंबडं कुठेतरी ओरडलं. मी म्हटलं, "नाही गं."

"बरं," तू म्हणालीस, आणि वाल सोलायला लागलीस. पुन्हा कधीच विचारलं नाहीस.

मी सुटले असं मला वाटलं होतं.

गुरुवारी तू नंदिनीला जायचीस, खाणीच्या कॉलनीत. मावसबहीण आहे म्हणायचीस. फडक्यात काहीतरी बांधून घ्यायचीस आणि खाणीकडे जाणारी गाडी गाठायचीस. दोनदा मला म्हणालीस, "चल न वं सोबत, एक डाव तरी." मी म्हटलं, तिकडे चुनखडीची धूळ असते, मला खोकला होतो. तू आग्रह केला नाहीस.

काल दुपारी तुझ्या दाराशी एक बाई येऊन बसली. डोमाजी कामावर होते. मी भिंतीवरून डोकावले. उंच, केस पिकलेले, कपाळावर गोंदण. पायांवर पांढरी धूळ. मी लगेच ओळखलं, शेवंता. मी भिंत धरून तशीच उभी राहिले. तीच उठून जवळ आली. तिला तुझं काल सकाळीच कळलं होतं, एका ट्रकवाल्याकडून. तेरावं चुकलं म्हणून ती रडत होती.

मी तिला आत घेतलं. पुढच्या दाराने. पाणी दिलं. ती जमिनीवर बसायला लागली, मी तिला खाटेवर बसवलं. आणि मग तिने सांगितलं. थोडं हिंदीत, थोडं तिच्या भाषेत. त्या दिवशी ती नुसत्या पसियासाठी आली नव्हती. झोपड्या उठणार हे त्यांना सकाळी कळलं होतं. नवऱ्याला नंदिनीच्या खाणीत काम मिळणार होतं, आणि तो निरोप तिला तुझ्यासाठी ठेवायचा होता, की आम्ही तिकडे जातोय, काळजी करू नको. ती एक गोष्ट सांगायची होती ती ही.

दोन महिन्यांनी तू तिला नंदिनीत शोधून काढलंस. विचारत विचारत, झोपडीच्या दारात जाऊन उभी राहिलीस आणि भांडलीस, न सांगता गेली म्हणून. तेव्हा तिने तुला सांगितलं, की मी गेले होते, सुमनबाईच्या दाराशी गेले होते, त्या आतून आज नाही म्हणाल्या.

म्हणजे वाल सोलताना तुला माहीत होतं.

मी तिला विचारलं, मग शेवंता काय म्हणाली माझ्याबद्दल? शिव्या दिल्या असतील ना? मला तुझ्या शिव्या हव्या होत्या. तुझ्या तोंडच्या नाही तर फुलबासनच्या तोंडच्या तरी. ती जरा गोंधळली. तिला वाटलं असेल मी चिडले. मग म्हणाली, नाही, बाई रागावली नाही. मी दर वेळी विचारायची, सुमनबाईंनी सांगितलं का? तर शेवंताबाई म्हणायची, "ओ खुदे बताही." ती स्वतःच सांगेल.

शेवंता, मला तुझी ही एक गोष्ट कधी आवडली नाही. तू माणसावर असा विश्वास टाकून बसायचीस आणि मग त्या माणसाला उठता येत नसे. बारा घरांवर टाकलास. माझ्यावर टाकलास. का नाही सरळ भांडलीस? भिंतीवरून ओरडली असतीस, सगळ्या ओळीला ऐकू जाईल असं, तर मी रडले असते, तुझे पाय धरले असते आणि आपण त्या गुरुवारी दोघी नंदिनीच्या गाडीत बसलो असतो. दोन वर्षांचे गुरुवार, शेवंता. मला ते हवे आहेत. तुझ्या शेजारी, धूळ खात, फडक्यातली शिदोरी मांडीवर घेऊन. मला तुझं ते 'चल न वं' इतकं हवं आहे की आज दिवसभर मी दोनदा भिंतीशी जाऊन आले.

फुलबासनला मी जेवायला थांबवलं. भात केला. पेज निथळली आणि तिला विचारलं, पिशील? ती हसली. म्हणाली, मीठ घालून द्या, शेवंताबाई द्यायची तसं. मी दोन गंज भरले, एक तिला, एक मला. इतक्या वर्षांत मी ती कधी प्यायले नव्हते. गरम होती, मीठ असूनही जराशी गोड लागली. निघताना तिने रिकामा गंज घासून पालथा ठेवला, पूर्वी बादली ठेवायची तसा. येत्या गुरुवारी मी तिच्याकडे जाणार आहे.

खिडकी उघडी ठेवली आहे. नाल्यापलीकडे आता गवत वाढलंय.

आणि तू ज्याची वाट पाहिलीस ते हे, उशिरा, पण माझ्याच तोंडून. शेवंता, त्या दिवशी फुलबासन आली होती. मी घरातच होते.